दोन हातोडे

टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला १९६४ साली एक जुनी रेसची गाडी देणगी मिळाली. देणारा तिथलाच एक श्रीमंत रेसिंग संघमालक. गाडीचे दिवस भरले होते, शर्यतीत नव्या गाड्या तिला मागे टाकत होत्या. मोटर दुरुस्तीच्या वर्गातल्या पोरांना खोलायला-जोडायला तरी होईल, असा साधा हिशेब होता. आठ वर्षांनी शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. तेवढ्या पैशात तेव्हा अमेरिकेत नवीकोरी कॅडिलॅक यायची. घेणारा ओहायोचा होता. त्याने गाडी ट्रेलरवर चढवून घरी नेली आणि ट्रेलरसकट शेतात उभी केली. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं ती तिथेच राहिली, ऊन-पाऊस-बर्फ अंगावर घेत.

ती गाडी फेरारी २५० जीटीओ होती. तसल्या एकूण ३६ बनल्या. २०१८ साली त्यातल्या एकीला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले, तेव्हाच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपये. शाळेला किंवा ओहायोच्या गृहस्थांना हसण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. १९७२ साली बाजाराला जे दिसत होतं तेच त्यांना दिसत होतं. १९८९ साली ज्यांनी याच जातीच्या गाडीसाठी कोटीच्या वर डॉलर मोजले, त्यांनाही बाजाराला दिसत होतं त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. मधल्या सतरा वर्षांत इंजिन तेच होतं, पत्रा तोच होता. बदललं होतं ते पैशाचं वारं, आणि ते टोकियो, लंडन, न्यूयॉर्ककडून वाहत होतं.

आधी गाडीविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या उलाढालीत ती बिचारी हरवूनच जाते.

१९६१ च्या नोव्हेंबरात मारानेल्लोच्या फेरारी कारखान्यात बंड झालं. एन्झो फेरारींच्या पत्नी लौरा कारखान्याच्या कामात ढवळाढवळ करतात, यावरून बरेच दिवस खटके उडत होते. शेवटी वरच्या फळीतली मंडळी एका झटक्यात बाहेर पडली. त्यांत जोत्तो बित्झारिनी हे अभियंते होते आणि जीटीओचं बरंचसं काम त्यांनीच करत आणलं होतं. अर्धवट गाडी २६ वर्षांच्या माउरो फोर्गिएरींच्या गळ्यात पडली. त्यांनी ती निभावली. बॉडीचं काम मोदेनातल्या सेर्जो स्कालिएत्तींच्या कारखान्यात. तिथे कागदावरच्या रेखाटनापेक्षा कारागिराच्या डोळ्याला मान होता. ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर धरायचा, हातोड्याने ठोकत वाकवायचा, तारेच्या सांगाड्याला लावून बघायचा, पुन्हा ठोकायचा. त्यामुळे दोन जीटीओ शेजारी उभ्या केल्या तर बारकाईने बघणाऱ्याला फरक दिसतोच.

आत बसायला निळ्या कापडाच्या सीटा. गालिचा नाही, दाराला आतून धड अस्तर नाही. समोर इंजिनाचे फेरे दाखवणारा मोठा काटा, आणि वेग दाखवणारा काटा नाहीच. शर्यतीत ताशी किती किलोमीटर हे कुणी विचारत नाही, पुढच्याच्या पुढे गेलात की मागे राहिलात एवढाच प्रश्न असतो. तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, त्यावर सहा वेबर कार्ब्युरेटर, ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती.

शर्यतीच्या जीटी गटात उतरायचं तर किमान शंभर गाड्या बनवलेल्या असल्या पाहिजेत, असा नियम होता. फेरारींनी सांगितलं की ही नवी गाडीच नव्हे, आमच्या आधीच्या २५० जीटीला नवी बॉडी घातली आहे इतकंच. मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते मान्य केलं. का केलं, हा वेगळा विषय. फेरारींना शर्यतीबाहेर ठेवणं त्या काळी कुणालाच परवडणारं नव्हतं. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी तिन्ही वर्षं दोन लिटरवरच्या जीटी गटाचं विजेतेपद त्यांनीच नेलं. अमेरिकेत गाडीची किंमत १८ हजार डॉलरच्या आसपास होती, पण पैसे असले म्हणजे गाडी मिळेलच असं नव्हतं. गिऱ्हाइकाला आधी एन्झोंची पसंती मिळवावी लागे.

तेवढ्यात शर्यतीच्या गाड्यांचं इंजिन चालकाच्या पाठीमागे गेलं आणि पुढे इंजिन असलेली जीटीओ एका रात्रीत म्हातारी झाली. रस्त्यावर वापरायला ती गोंगाटी, गरम, तापट. साठचं दशक सरताना काही हजार डॉलरमध्ये कुणाच्याही हाती लागेल अशी तिची गत झाली. व्हिक्टोरियाच्या शाळेचा सौदा या भावात मुळीच वेगळा नव्हता.

भाव हळूहळू वर येऊ लागला तो सत्तरच्या दशकात. लहानपणी ज्यांनी या गाड्या कुंपणापलीकडून पाहिल्या होत्या, त्यांच्या खिशात आता पैसा आला होता. पिंक फ्लॉइड या बँडचे ड्रमवादक निक मेसन यांनी १९७७ साली सुमारे ३७ हजार पौंडांना एक जीटीओ घेतली. तेव्हा त्या पैशात इंग्लंडात चांगलं घर आलं असतं. आपल्याकडे अशा माणसाला घरचे काय म्हणाले असते ते सांगायला नको.

बाजाराची झोप खऱ्या अर्थाने उडवली ती मात्र स्पोर्ट्स कारने नव्हे, एका अजस्र आलिशान गाडीने. बुगाटी रॉयाल. १२.७ लिटरचं इंजिन, राजेरजवाड्यांसाठी म्हणून बांधलेली, आणि राजांनीही पाठ फिरवल्यामुळे सहाच बनलेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून बुगाटी घराण्याने आपल्याकडच्या रॉयाल भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. १९५० साली अमेरिकन शर्यतपटू ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी त्यातल्या दोन विकत घेतल्या. किंमत प्रत्येकी ५७१ डॉलर, शिवाय जनरल इलेक्ट्रिकचे दोन नवे फ्रिज. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये फ्रिज मिळणं कर्मकठीण होतं आणि रॉयालला पेट्रोल पाजणं त्याहून. सौदा दोन्ही बाजूंना फायद्याचाच वाटला असणार.

त्या दोघींतली एक फिरत फिरत नेवाडातले कॅसिनोसम्राट बिल हॅरा यांच्या अवाढव्य संग्रहात जाऊन बसली. हॅरा गेल्यावर त्यांची कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी गाड्या लिलावात काढल्या. १९८६ च्या जूनमध्ये रीनो शहरात ती रॉयाल ६५ लाख डॉलरला गेली. लवकरच डॉमिनोज पिझ्झाचे टॉम मोनॅहन यांनी ती ८१ लाखांना उचलली. काही महिन्यांत सोळा लाखांचा नफा, आणि गाडीने जेमतेम जागा बदललेली. हा आकडा बऱ्याच लोकांनी लक्षात ठेवला.

१९ ऑक्टोबर १९८७ ला न्यूयॉर्कचा शेअर बाजार एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ख्रिस्टीजने कनिंगहॅम यांच्याकडची दुसरी रॉयाल लिलावात ठेवली. शेअर बाजाराचं रक्त अजून वाळलं नव्हतं, त्यामुळे गाडी कोण घेणार अशी धास्ती असायला हवी होती. झालं उलटंच. हान्स थुलिन या स्वीडिश बांधकाम व्यावसायिकाने ५५ लाख पौंडांची बोली लावली, म्हणजे साधारण ९७ लाख डॉलर. कुठल्याही मोटारगाडीला लिलावात तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती.

शेअरवरून विश्वास उडालेला पैसा हाताने चाचपता येईल अशा वस्तूंकडे वळला, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जपान. १९८५ च्या प्लाझा या चलनदरांच्या करारानंतर येन डॉलरच्या तुलनेत झपाट्याने महाग झाला. निर्यात मंदावू नये म्हणून बँक ऑफ जपानने १९८७ च्या फेब्रुवारीत व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त कर्ज आणि महाग येन अशी दुधारी तलवार हातात आल्यावर जपानी खरेदीदारांना जगातली प्रत्येक दुर्मीळ वस्तू सवलतीत लावल्यासारखी दिसू लागली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये यासुदा विमा कंपनीने व्हॅन गॉगचं सूर्यफुलांचं चित्र २ कोटी ४७ लाख ५० हजार पौंडांना घेतलं होतं. चित्रांच्या मागोमाग गाड्या निघाल्या.

लंडनचं कारण आणखी वेगळं आणि मला फार गमतीचं वाटतं. ब्रिटिश करकायद्याच्या लेखी मोटारगाडी ही झिजत जाणारी वस्तू. ती विकून नफा होतो ही कल्पनाच कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आली नाही, म्हणून त्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही. त्यात १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी प्राप्तिकराचा वरचा दर ६० वरून ४० टक्क्यांवर आणला. ज्यांना चोक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, अशी मंडळीही कर्ज काढून जुनी जॅग्वार नि फेरारी घेऊन तिसऱ्या महिन्यात विकू लागली.

१४ ऑगस्ट १९८८ ला एन्झो फेरारी नव्वदाव्या वर्षी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी गुपचूप उरकले आणि बातमी नंतर बाहेर आली. चित्रकार गेला की चित्रं महागतात हा बाजाराचा जुना अनुभव. इथेही तेच झालं, फक्त या चित्रकाराने स्वतः कधी गाडीला हातोडा लावला नव्हता. ज्या फेरारीकडे कालपर्यंत ढुंकून बघत नव्हतं कुणी, तिचेही भाव तेजीत आले. एन्झोंच्या हयातीतली शेवटची गाडी एफ४०. तिच्या चारशेच बनतील असं सुरुवातीला सांगितलं होतं. मागणी बघून कारखान्याने तेराशेच्या वर बनवल्या, तरी हातोहात विकल्या गेल्या. १९९० मध्ये फेरारीचेच शर्यतपटू नायजेल मॅन्सेल यांची एफ४० दहा लाख पौंडांना गेली. ती दुर्मीळ नव्हती, जुनी तर नव्हतीच.

जीटीओ या सगळ्यांच्या पुढे धावत होती. १९८९ मध्ये एक खासगी सौद्यात जपानला गेली ती १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. १९९० च्या मे महिन्यात मोनॅकोत सदबीजच्या लिलावात दुसरीला १ कोटी ७ लाख डॉलरच्या पुढे भाव आला. स्कालिएत्तींच्या कारागिरांचा हातोडा थांबल्याला पाव शतक उलटलं होतं, आता लिलाववाल्याचा वाजत होता.

जॅग्वार कंपनीला या वाऱ्यात शीड उभारायचा मोह झाला. १९८८ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात तिने एक्सजे२२० दाखवली, बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद. पुढच्या वर्षाच्या अखेरीस नोंदणी उघडली: गाड्या ३५०, किंमत २ लाख ९० हजार पौंड आणि वर कर, विसार ५० हजार पौंड. सुमारे दीड हजार अर्ज आले. त्यातल्या अनेकांना गाडी नको होती, रांगेतला नंबर हवा होता, तो विकायचा होता. गाडी तयार झाली तेव्हा बारा सिलिंडरचे सहा झाले होते, ताकद मागच्या दोन चाकांवरच होती, किंमत महागाईला बांधलेली असल्याने चार लाखांच्या वर गेली होती, आणि बाहेर मंदी होती. विसार दिलेले गिऱ्हाईक कोर्टाची पायरी चढले. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण ३५० काही पुऱ्या झाल्या नाहीत.

त्या काळातला सगळ्यात सुरस खटला मात्र जुन्या गाडीचा. ओल्ड नंबर वन नावाची बेंटली, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. दोन्ही वेळा चाकावर वुल्फ बार्नाटो. १९९० मध्ये मिडलब्रिज या जपानी पैशावरच्या कंपनीने ती एक कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं. मग कंपनीने हरकत घेतली: ही ती गाडीच नव्हे. आणि हरकतीत दम होता. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ही गाडी कठड्यावरून उडाली, चालक क्लाइव्ह डन्फी जागीच ठार झाला. त्याच्या आधी तिच्यात मोठं इंजिन बसवलं होतं, नंतर बार्नाटोंनी तिच्यावर वेगळीच बंद बॉडी चढवली, पुढे आणखी फेरफार झाले. लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर जाणकारांनी एकेक भाग, एकेक नंबर तपासला. १९२९ च्या गाडीतलं तिच्यात जवळपास काहीच उरलेलं नाही, असं निघालं.

तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. ही गाडी कधी मोडीत गेली नाही, तिचं अस्तित्व मधेच तुटलं नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. तेव्हा ओल्ड नंबर वन हीच, असं न्यायमूर्तींनी ठरवलं. जीर्णोद्धार केलेल्या देवळाचे दगड नवे असले तरी देव बदलत नाही, तसंच म्हणा ना. बाजाराने या निकालाचा अर्थ आपल्या सोयीने घेतला. त्यानंतर चासीच्या पट्टीवर ठोकलेला नंबर, जुने फोटो, शर्यतीच्या नोंदी, पावत्या आणि मालकांची अखंड साखळी यांना इंजिनाइतकीच, कधी कधी जास्तच किंमत आली. आजही लिलावाच्या कॅटलॉगात गाडीच्या यांत्रिक वर्णनापेक्षा तिची वंशावळ लांब असते. मला यात थोडी खंत वाटते, पण एक कोटी पौंड मोजणाऱ्याला कागद मागायचा हक्क आहे हेही खरं.

निकाल जुलै १९९० चा. तोवर बुडबुड्याला टाचणी लागलेली होती. २९ डिसेंबर १९८९ ला टोकियोचा शेअर निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर बंद झाला, आणि तिथून जो घसरला तो वर्षभरात २४ हजारांच्या खाली आला. बँक ऑफ जपानने सव्वा वर्षात व्याजदर अडीचवरून सहा टक्क्यांवर नेला. इंग्लंडात तो पंधरा टक्के होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि उरलेसुरले खरेदीदारही खिसे शिवून बसले.

गाड्यांच्या मंदीला आवाज नसतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. शेअरचा भाव रोज छापून येतो. गाडीचा भाव ती विकली गेली तरच कळतो. विकणाऱ्यांनी आधी माल रोखून धरला, मग कर्जाचे हप्ते थकले, मग बँकांनी किल्ल्या मागितल्या. लिलावात बोली अर्ध्यावर थांबू लागली आणि गाड्या न विकता परत जाऊ लागल्या. ज्यांनी कोटीच्या वर डॉलर पाहिले होते त्या जीटीओ नव्वदच्या दशकाच्या मध्याला तीस-पस्तीस लाखांवर आल्या. थुलिनने आपली रॉयाल वेळेत, १९९० मध्ये, मेइटेक या जपानी कंपनीला १ कोटी ५७ लाख डॉलरला विकली होती, पण स्वतःचं बांधकामाचं साम्राज्य त्याला वाचवता आलं नाही. गाडी त्या जपानी कंपनीच्या इमारतीच्या तळघरात जाऊन बसली.

या सगळ्या गदारोळात एक जीटीओ जागची हललीच नाही. चासी नंबर ३८५१. फ्रेंच चालक आंरी ओरेये, बर्फावरच्या शर्यतीतला १९४८ चा ऑलिंपिक विजेता, १९६२ च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर याच गाडीत मरण पावला. गाडी दुरुस्त झाली, इटलीत आली, आणि १९६५ मध्ये फाब्रित्सियो व्हिओलाती या तरुणाने ती २५ लाख लिरांना, म्हणजे चारएक हजार डॉलरला घेतली. त्यांनी ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत दामटली, पुढे सान मारिनोतल्या आपल्या संग्रहालयात ठेवली. भाव कोटीच्या वर गेला तेव्हा विकली नाही, पडला तेव्हाही नाही. २०१० मध्ये ते गेले.

१४ ऑगस्ट २०१४ ला कॅलिफोर्नियात बॉनम्सने ती लिलावात काढली, किमान किमतीची अटच न घालता. ३ कोटी ८१ लाख डॉलर आले. लिलावातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता, तरी सभागृहातल्या बऱ्याच जणांचा चेहरा पडला, कारण आदल्या वर्षी दुसरी जीटीओ खासगीत ५ कोटी २० लाखांना गेल्याची बातमी फिरत होती. आता पैसा जपानी जमिनीतून नव्हे तर सॉफ्टवेअरमधून आणि २००८ नंतरच्या स्वस्त व्याजातून येत होता. २०१८ च्या ४ कोटी ८४ लाखांच्या गाडीचा विक्रेता मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक होता. त्याच वर्षी आणखी एक जीटीओ सात कोटींना गेल्याचं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये मर्सिडीजने उलेनहाउट कूपे नावाच्या आपल्या दोन जुन्या गाड्यांपैकी एक स्टुटगार्टच्या स्वतःच्या संग्रहालयात, मोजक्या निमंत्रितांसमोर, साडेतेरा कोटी युरोला विकली, आणि पैसे शिष्यवृत्तीसाठी बाजूला काढले. त्याच्यापुढे जीटीओ स्वस्त वाटू लागली.

१९९० च्या मोनॅकोनंतर आजवर जीटीओ जाहीर लिलावात फार क्वचित आल्या आहेत. बाकीचे सौदे दोन वकील आणि एक दलाल यांच्यात होतात. आकडा कुणी छापत नाही. तो कुजबुजीत बाहेर येतो, कधी वाढवून, कधी येन-डॉलरच्या घोळात चुकून. पुढची जीटीओ विकायला निघालेला मालक मात्र दलालाला फोन करून पहिली मागणी करतो ती त्याच आकड्यावर बोट ठेवून.